बटर-अंड्याच्या पावाचा फ्रेंच टोस्ट, घरच्या तव्यावर

खानदेशात फ्रेंच टोस्ट म्हटले की बहुतेक घरांत कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातलेल्या अंड्यात बुडवून भाजलेला साधा स्लाइस ब्रेड डोळ्यांपुढे येतो. तो पदार्थ उत्तमच आहे, पण येथे कृती द्यायची आहे ती गोड फ्रेंच टोस्टची, आणि तीही बटर, अंडी, साखर व दूध घालून मळलेल्या पावापासून केलेल्या टोस्टची. पाव दुधात भिजवून, तळून, वर मध घालून खाण्याची रीत प्राचीन रोमन पाककृतींतही आढळते. घरोघरी मात्र हा मुख्यतः उरलेल्या, वाळलेल्या पावाला पुन्हा खाण्याजोगे करण्याचा उपाय होता. मुद्दाम चांगला पाव आणून किंवा भाजून त्याचा टोस्ट करणे ही नंतरची चैन आहे, आणि या चैनीचे नियम थोडे वेगळे आहेत. जे पदार्थ पावात आधीच आहेत तेच भिजवण्याच्या मिश्रणात पुन्हा येतात, त्यामुळे साध्या ब्रेडची सवय असलेल्या हाताकडून साखर, आच आणि भिजवण्याचा वेळ अशा तिन्ही गोष्टी प्रमाणाबाहेर जाण्याची शक्यता असते. या पावाच्या बाबतीत सर्वत्र हात आखडता घ्यावा. फक्त काप वाळवण्याच्या कामात कसूर करू नये.

पाव विकत आणायचा असल्यास

अशा पावांत फ्रान्समधला ब्रिऑश सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यात मैद्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत, आणि काही प्रकारांत त्याहूनही अधिक, बटर असते आणि द्रवाचा मोठा भाग अंड्यांतून येतो. ज्यू कुटुंबांत शब्बाथसाठी, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसासाठी, होणारा वेणी घातलेला खाला हा पाव त्याच कुळातला, मात्र त्यात बटरऐवजी तेल असते, कारण त्यांच्या आहारनियमांनुसार मांसाहाराबरोबर दुधाचे पदार्थ चालत नाहीत. जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या बेकरीत यांपैकी काही मिळेलच असे नाही. तेथे हमखास मिळतो तो मिल्क ब्रेड आणि गोड बन, आणि या दोहोंपैकी मिल्क ब्रेड टोस्टसाठी अधिक बरा, कारण त्याचे सारखे, जाड काप पडतात.

बेकरीतून पाव आणताना तो न कापता द्यायला सांगावे. यंत्रावर कापलेला स्लाइस साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर जाडीचा असतो आणि आपल्याला जवळपास दुप्पट, म्हणजे दोन ते अडीच सेंटिमीटर जाडीचा काप हवा असतो. पाकीटबंद पाव घेत असल्यास घटकांची यादी वाचावी. पावाचा पिवळा रंग पाहून त्यात अंडी किंवा बटर असेल असे गृहीत धरू नये. रंगाने तो पिवळा करता येतो आणि स्निग्धांशासाठी वनस्पती तूप किंवा मार्गारिनही वापरले जाते. तसल्या पावाचा टोस्ट बिघडत नाही, पण चवीत जो फरक पडावा म्हणून हा सगळा खटाटोप करायचा तो फरक पडत नाही.

घरी पाव भाजायचा असल्यास

ज्यांच्याकडे ओव्हन किंवा ओटीजी आहे त्यांनी पाव घरीच करावा. साधारण नऊ इंच लांबीच्या एका टिनसाठी ३०० ग्रॅम मैदा, ३५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दोन अंडी, ९० मिलिलीटर थंड दूध आणि १०० ग्रॅम बटर एवढे साहित्य लागते. दुकानात मिळणारे पिवळे बटर बहुधा खारे असते, त्यामुळे ते वापरल्यास मीठ फक्त अर्धा लहान चमचा पुरते. बिनमिठाचे बटर असल्यास एक सपाट लहान चमचा मीठ घ्यावे. मैदा, साखर, मीठ आणि यीस्ट कोरडेच एकत्र करून त्यात फेटलेली अंडी आणि तीन चतुर्थांश दूध घालावे व लागेल तसे उरलेले दूध वापरावे, कारण प्रत्येक मैदा सारखे पाणी शोषत नाही.

बटर अगदी सुरुवातीला घालण्याचा मोह टाळावा. स्निग्ध पदार्थ मैद्याच्या कणांवर आधीच चढला की ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण सोसण्याची ताकद देणाऱ्या प्रथिनाचे, धागे जुळत नाहीत आणि पाव उंच होण्याऐवजी भुसभुशीत, नानकटाईच्या वाटेने जातो. म्हणून आधी पंधरा मिनिटे नेटाने मळावे. पिठाचा छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणल्यावर तो न फाटता पातळ पडद्यासारखा पसरला पाहिजे. खापरावरची पुरणपोळी करणाऱ्या हातांना ही परीक्षा शिकवावी लागत नाही, कारण हातावर फिरवून मोठी करायच्या त्या पोळीची कणीकही अशीच सैल आणि ताण सोसणारी लागते. त्यानंतर मऊ पण न वितळलेले बटर एक-एक चमचा घालत जावे आणि आधीचे पूर्ण मुरल्याखेरीज पुढचे घालू नये. मध्येच पीठ चिकट होऊन फाटल्यासारखे दिसते आणि आता हे हाताबाहेर गेले असे वाटते. अशा वेळी वरून मैदा भुरभुरू नये, मळत राहावे, पीठ पुन्हा एकजीव होते.

खरी अडचण येथील हवेची आहे. बटर ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते आणि एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो. दुपारी स्वयंपाकघरात मळायला घेतलेल्या पिठातून बटर तेलासारखे बाहेर येते, परात तुपकट होते आणि कितीही मळले तरी ते पुन्हा पिठात शिरत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे, मैदा आणि अंडी आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवावीत, आणि दर पाच मिनिटांनी पीठ चाचपून पाहावे, ते हाताला कोमट लागू लागले की परातीसकट फ्रिजमध्ये दहा मिनिटे थंड करावे. मळून झाल्यावर पीठ बाहेर अर्धा-पाऊण तास फुगू द्यावे, मग हलकेच दाबून, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. रात्रभरात यीस्टचे काम संथपणे चालू राहते, चवीला खोली येते आणि बटर घट्ट झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी पिठाला आकार देणे सोपे जाते. वीज जाण्याचे दिवस असतील तर फ्रिज वारंवार उघडू नये एवढे पथ्य पुरते.

दुसऱ्या दिवशी थंड पिठाचे तीन सारखे गोळे करून टिनमध्ये शेजारी शेजारी ठेवावेत आणि पीठ टिनच्या काठापर्यंत येईतो फुगू द्यावे. उन्हाळ्यात याला तासभर पुरतो. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा अडीच-तीन तासही लागतात. त्या दिवसांत बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचे पातेले ठेवून त्याशेजारी टिन ठेवावा. नंतर वरून फेटलेल्या अंड्याचा हात फिरवून १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटे भाजावे. साखर आणि अंड्यामुळे वरचा रंग वीस मिनिटांतच गडद होऊ लागतो. तो पाहून पाव लवकर बाहेर काढला तर मध्यभाग कच्चा राहतो, म्हणून वर सैलसर फॉइल झाकून भाजणे पूर्ण करावे.

बटर सांभाळण्याचा हा सगळा व्याप मे महिन्यात नकोसा वाटत असेल तर सरळ खाल्याच्या वळणाचा तेलाचा पाव करावा. माझ्या मते खानदेशच्या उन्हाळ्याला तोच अधिक मानवतो. ३०० ग्रॅम मैद्याला दोन अंडी व एक जादा बलक, ३५ ग्रॅम साखर, एक सपाट लहान चमचा मीठ, ५ ग्रॅम यीस्ट, तीन मोठे चमचे सूर्यफुलाचे तेल आणि लागेल तसे ७५ ते ९० मिलिलीटर पाणी घ्यावे. आपल्याकडे भाजीला शेंगदाण्याचे तेल सर्रास असते, पण त्याचा स्वतःचा वास गोड पावात पुढे येतो, म्हणून येथे ते टाळावे. तेल खोलीच्या तापमानाला पातळच असल्याने वितळण्याचा प्रश्नच उरत नाही, पीठ भर दुपारीही मळता येते आणि पाव दोन-तीन दिवस मऊ राहतो. बटरची चव त्यात नसते हे खरे. ती उणीव तव्यावर साजूक तुपाने बरीचशी भरून निघते.

काप वाळवणे

पाव पूर्ण थंड झाल्याशिवाय कापू नये, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीच कापावा. करवतीच्या धारेची सुरी घेऊन, न दाबता, पुढे-मागे चालवत दोन ते अडीच सेंटिमीटर जाडीचे काप करावेत. नऊ इंची पावाचे असे आठ काप होतात. त्याहून पातळ काप भिजल्यावर उचलताना तुटतो, तर त्याहून जाड काप तव्यावर आतपर्यंत शिजत नाही.

काप वाळवावे का लागतात, हे समजून घेतले की बाकीची कृती आपोआप लक्षात राहते. बटरने मऊ झालेल्या पावाचे धागे नाजूक असतात आणि ताज्या पावात पाणी आधीच भरलेले असते. असा काप दुधात टाकला की बाहेरचा थर लगेच लिबलिबीत होतो आणि आत मात्र दूध पोहोचत नाही. पाणी कमी झालेला काप दूध मध्यापर्यंत ओढून घेतो आणि तरीही आकार धरून राहतो. येथे शिळा आणि वाळलेला यांत फरक करावा लागतो. पाव शिळा होतो तो मुख्यतः त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला गेल्यामुळे; पिशवीत बंद असलेल्या पावाचे पाणी फारसे कमी झालेले नसतानाही तो कडक लागतो. फ्रिजच्या थंडीत ही क्रिया सर्वांत वेगाने होते. त्यामुळे पिशवीसकट फ्रिजमध्ये ठेवून कडक झालेला पाव टोस्टला योग्य आहे अशी समजूत करून घेऊ नये. तो हाताला कडक लागतो एवढेच, त्यातले पाणी तेथेच असते.

उन्हाळ्यात खानदेशची कोरडी हवा हे काम फुकट करून देते. काप जाळीवर किंवा उपड्या ठेवलेल्या मोठ्या चाळणीवर सुटे मांडून, वर पातळ सुती कापड घालून, सावलीत ठेवले की तासाभरात पुरेसे वाळतात. मध्ये एकदा उलटावेत. उन्हात मात्र ठेवू नयेत, कारण बटर पाझरून पृष्ठभागावर येते. हिवाळ्यात रात्रभर कापडाखाली ठेवावे. पावसाळ्यात हवेवर विसंबून चालत नाही, काप वाळण्याऐवजी दमट होतात आणि रात्रभरात बुरशीचीही भीती असते. तेव्हा १३० अंशांवर ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटे, मध्ये एकदा उलटून, ठेवावेत. ओव्हन नसल्यास अगदी मंद आचेवरच्या कोरड्या तव्यावर चालेल, फक्त रंग येऊ देऊ नये. काप तयार झाला की त्याचा पृष्ठभाग बोटाला कोरडा आणि किंचित खरखरीत लागतो, पण दाबल्यावर आत अजून लवचीकपणा जाणवतो. टोस्टसारखा कुरकुरीत होईपर्यंत वाळवणे हाही अतिरेकच, कारण मग तो दूध एकसारखे शोषत नाही.

मिश्रण

चार जाड कापांसाठी तीन अंडी, १८० मिलिलीटर दूध, एक मोठा चमचा पिठीसाखर, दोन चिमटी मीठ, पाव लहान चमचा वेलदोड्याची पूड आणि किसलेले थोडे जायफळ एवढे पुरते. अंडे एक आणि दूध ६० मिलिलीटर हे मूळ प्रमाण लक्षात ठेवावे. अंडी वाढवली तर बाहेर ऑम्लेटसारखा थर चढतो, दूध वाढवले तर आतला भाग शिजूनही ओलाच राहतो. परदेशी कृतींत दुधाबरोबर क्रीमही सांगितलेले असते, पण आपल्याकडच्या म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे म्हशीचे दूध असल्यास क्रीम किंवा साय वेगळी घालण्याचे कारण नाही. गाईचे दूध असल्यास चमचाभर साय फेटून घालावी. दूध तापवून पूर्ण थंड केलेले असावे. कोमट दुधानेही वास उग्र होतो आणि जास्त गरम असेल तर अंड्याच्या गाठी होतात.

ज्यांना अंड्याचा वास नको वाटतो त्यांच्यासाठी दोन उपाय आहेत. तीन पूर्ण अंड्यांऐवजी दोन अंडी आणि दोन बलक घ्यावेत, कारण जास्त तापल्यावर येणारा गंधकाचा वास प्रामुख्याने पांढऱ्या भागातून येतो. दुसरा उपाय आच मंद ठेवण्याचा, त्याविषयी पुढे येईलच. अंडी, मीठ आणि पिठीसाखर आधी फेटून घ्यावी, मिठामुळे पांढरा भाग लवकर मोकळा होतो. मग दूध घालून सगळे मिश्रण गाळणीतून गाळावे. हा टप्पा वगळला तर न मोडलेल्या पांढऱ्या भागाचे तंतू कापावर चिकटून राहतात आणि तव्यावर त्यांचे पांढरे ठिपके उमटतात. वेलदोडा किंवा दालचिनीची पूड थेट दुधावर टाकल्यास वरच तरंगते आणि पहिल्या कापालाच सगळी लागते, म्हणून ती साखरेत कालवून घालावी. साखर चमचाभरच का, असा प्रश्न पडेल. पावात ती आधीच आहे आणि वरून गोड घ्यायचे आहे, शिवाय मिश्रणातली जादा साखर तव्यावर आतला भाग शिजण्याआधीच करपते.

भिजवणे आणि भाजणे

मिश्रण खोल वाडग्यात न घेता पसरट, काठाच्या ताटात घ्यावे, म्हणजे काप आडवा ठेवता आणि आधार देऊन उचलता येतो. नीट वाळलेला अडीच सेंटिमीटरचा काप प्रत्येक बाजूने मिनिटभर, फार तर सव्वा मिनिट भिजवावा. ताजाच काप वापरण्याची वेळ आली तर प्रत्येक बाजूला वीस सेकंदांच्या पुढे जाऊ नये. उलथण्यावर उचलल्यावर काप मध्ये थोडा वाकला पाहिजे पण चिरता कामा नये. बोटाने मध्यभागी दाबल्यावर कोरडा, ताठ गाभा लागला तर आणखी थोडा वेळ द्यावा. भिजलेले काप लगेच तव्यावर न टाकता जाळीवर पाच मिनिटे ठेवावेत. जास्तीचे दूध निथळते आणि कडेला शोषलेले दूध मध्याकडे सरकते. घाईच्या सकाळी हीच पाच मिनिटे वाचवली जातात, आणि मध्ये कोरडा राहिलेला टोस्ट बहुतेक वेळा त्यामुळेच होतो.

तवा जाड असावा. बिडाचा तवा सर्वांत चांगला, कारण थंड काप टाकल्यावरही त्याची उष्णता टिकून राहते. भाकरीचा रोजचा तवा वापरायचा असेल तर पिठाचे जळके कण पुसून घ्यावेत. ज्या घरांत अंड्यासाठी वेगळी भांडी ठेवण्याची रीत आहे तेथे नॉनस्टिक पॅनही चालते, फक्त आच आणखी मंद लागते. स्निग्ध पदार्थ म्हणून साजूक तूप घ्यावे. बटरमधले दुधाचे घन कण लवकर काळे पडतात आणि त्यांची कडवट चव टोस्टला लागते. तुपात ते कण काढलेलेच असतात. बटरचा वास हवा असेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटाला कडेने अर्धा चमचा सोडावे.

तवा मंद ते मध्यम आचेवर तीन-चार मिनिटे तापवावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो हलकेच चुरचुरत आटला पाहिजे; थेंब उसळून पळू लागला तर तवा जास्त तापला आहे. एक चमचा तूप पसरून दोनच काप टाकावेत. अंड्या-दुधाचे मिश्रण कापाच्या पोटात घट्ट व्हायला साधारण ८० अंश तापमान लागते, आणि तिथपर्यंत उष्णता पोहोचायला अडीच सेंटिमीटर जाडीच्या ओल्या पावाला वेळ लागतोच. साध्या ब्रेडला मोठी आच सोसते. येथे साखर, दूध आणि अंडे पावातही आहेत आणि मिश्रणातही, त्यामुळे मोठ्या आचेवर दीड मिनिटात सुरेख तपकिरी रंग येतो आणि आतून कच्चे अंडे निघते. प्रत्येक बाजूला चार मिनिटे द्यावीत, पहिली तीन मिनिटे काप हलवू नये आणि उलथण्याने दाबू तर मुळीच नये. दोन्ही बाजू झाल्यावर काप उभा धरून चारही कडा वीस-वीस सेकंद शेकाव्यात. जाड कापाच्या पांढुरक्या, ओल्या कडा दिसायलाही वाईट आणि खायलाही.

झाकण घातल्यास आतला भाग लवकर शिजतो, पण वाफेने वरचा खरपूसपणा जातो. आत शिजल्याची खात्री वाटत नसेल तर रंग आल्यावर काप जाळीवर ठेवून १६० अंशांच्या ओव्हनमध्ये सहा-सात मिनिटे ठेवणे हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. झालेला काप मध्यभागी किंचित फुगतो आणि बोटाने दाबल्यावर परत वर येतो. कडेतून पातळ दूध आले तर तो झालेला नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी अर्धकच्चे अंडे ठेवू नये. दर खेपेनंतर तवा कापडाने पुसावा आणि नवे तूप घालावे. झालेले काप एकावर एक रचू नयेत, खालच्या कापाला वाफ धरून तो मऊ पडतो.

बरोबर काय घ्यावे

मेपल सिरप येथे महाग आणि दुर्मीळ आहे, आणि त्याच्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम चिरलेला गूळ साठ मिलिलीटर पाण्यात विरघळवून, गाळून, दोन-तीन मिनिटे उकळावा आणि त्यात चिमूटभर मीठ, सुंठ व लिंबाचे काही थेंब घालावेत. गार झाल्यावर तो आणखी दाटतो, म्हणून गरम असताना पातळच ठेवावा. पुरणपोळीबरोबर गुळवणी घेणाऱ्या घराला ही चव परकी वाटत नाही. घरात काकवी असल्यास तेवढीही खटपट नको.

केळी तर येथे अंगणातलीच म्हणायची. रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांच्या केळीवर जळगावचे नाव चालते आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. टोस्टसाठी सालीवर नुकतेच तपकिरी ठिपके पडू लागलेले, पण बोटाला घट्ट लागणारे केळे निवडावे. पूर्ण पिकलेले केळे तव्यावर लगदा होते. तिरके, बोटभर जाडीचे काप करून, चमचाभर तुपात चमचाभर किसलेला गूळ वितळला की ते त्यावर ठेवावेत, मिनिटभर न हलवता शेकून एकदाच उलटावेत आणि वर लिंबू पिळावे. लिंबाची आंबटाई येथे हौसेची गोष्ट नाही. बटर, अंडे, गूळ आणि केळे एकत्र आल्यावर तिच्यावाचून दुसरा घास जड होतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास खापराची पोळी आणि आमरस घरोघरी असतो. त्या दिवसांत उरलेला थंडगार आमरस गरम टोस्टवर घालावा, आणि तेव्हा गूळ, साखर, केळे यांपैकी काहीही घेऊ नये. आमरसात आधी साखर घातली असेल तर मिश्रणातली साखरही वगळावी.

तिखट टोस्ट या पावाचा करावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर नाही असे आहे. कांदा-मिरचीला साधा ब्रेडच शोभतो. गोडसर पावात मिरचीचा तिखटपणा वेगळा पडून राहतो.

अंडे चालत नसल्यास

खानदेशात अंडे न खाणारी घरे भरपूर आहेत, त्यामुळे हा भाग वगळणे योग्य होणार नाही. पाव निवडतानाच ब्रिऑश आणि खाला बाद होतात; बेकरीत विचारून अंडे नसलेला मिल्क ब्रेड घ्यावा. अंड्याच्या जागी कस्टर्ड पावडर वापरावी. अल्फ्रेड बर्ड या इंग्लिश गृहस्थाने ती १८३७ साली तयार केली ती पत्नीला अंडे सोसत नव्हते म्हणूनच, आणि तिचा मुख्य घटक मक्याचा स्टार्च आहे. पाकिटावरचे हिरवे चिन्ह मात्र पाहून घ्यावे. २५० मिलिलीटर थंड दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर, एक लहान चमचा बारीक बेसन आणि एक मोठा चमचा पिठीसाखर गुठळ्या न होऊ देता कालवावी. हा स्टार्च तळाशी बसतो, म्हणून प्रत्येक कापाआधी मिश्रण ढवळावे. हे मिश्रण पातळ असल्यामुळे काप प्रत्येक बाजूने पंधरा-वीस सेकंदच भिजवावा आणि कापही दोन सेंटिमीटरपेक्षा जाड घेऊ नये. बेसन कच्चे राहिल्यास त्याची चव लगेच कळते, त्यामुळे आच मंद आणि वेळ प्रत्येक बाजूला चार मिनिटांहून थोडा जास्तच असावा. अंड्याच्या टोस्टसारखा फुगीरपणा येत नाही, पण वरचा थर अधिक कुरकुरीत होतो, आणि अनेकांना तोच जास्त आवडेल.

उरल्यास

कच्च्या अंड्याचे मिश्रण ३२ अंशांपुढच्या हवेत तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत ते कामापुरते बाहेर काढून लगेच आत ठेवावे. झालेले टोस्ट जाळीवर पूर्ण गार करून डब्यात भरल्यास फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात; गरम करताना कोरड्या तव्यावर मंद आच द्यावी, मायक्रोवेव्हमध्ये ते चामट होतात. पावाची दोन्ही टोके टोस्टच्या उपयोगाची नसतात. त्यांचे तुकडे करून तूप लावलेल्या स्टीलच्या वाट्यांत भरावेत, ताटात राहिलेले मिश्रण त्याच दिवशी त्यांवर ओतून, थोडे बेदाणे घालून, दहा मिनिटे मुरू द्यावे आणि १६० अंशांवर २० ते २५ मिनिटे भाजावे, किंवा वर ताटली झाकून ढोकळ्याच्या भांड्यात मध्यभाग घट्ट होईपर्यंत वाफवावे.